बिनखांबी घराचा जुलै

आत्याकडे वीज नाही, असं आमच्या नात्यात सगळे म्हणतात. वीज आहे. खांब नाही.

घर मुळशी जलाशयाच्या वरच्या अंगाला, ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून बरंच आत, एका उतारावर आहे. कौलारू, चार खोल्या, पुढे पडवी, मागे गोठा आणि गोठ्यात एकच गाय. काका शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन दोघं २०१८ च्या मार्चमध्ये इकडे राहायला आली. तेव्हा शेवटचा खांब १३०० मीटरवर होता आणि मधली बहुतेक जमीन वनखात्याची. अर्ज, मोजणी, ना-हरकत यात किती उन्हाळे जातील ते काकांनी ओळखलं ("जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं काढली आहेत मी") आणि सोलर बसवून मोकळे झाले.

पडवीतून खाली जलाशय दिसतो. ते पाणी डोंगरातून पलीकडे, घाटाखाली भिऱ्याला उतरतं आणि १९२७ पासून त्याची वीज होऊन मुंबईला जाते. हे धरण होऊ नये म्हणून १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी त्यात तुरुंग भोगला, आणि शेवटी गावं बुडालीच. काका पाहुण्यांना हे सांगताना दरवेळी "दिव्याखाली अंधार" म्हणतात, आणि आत्या दरवेळी "अंधार कुठेय?" म्हणत पडवीतला दिवा लावते.

मी पुण्यात सोलरची कामं करतो. महिन्यातून एक-दोन तरी फोन असे येतात: "शेतावर घर बांधतोय, किती किलोवॉट बसवू?" उत्तर म्हणून मी गेली काही वर्षं आत्याच्या घराची हकिकत सांगतो. ती एकदा नीट लिहून ठेवावी म्हणून हे प्रकरण.

पहिली फिटिंग

पहिली फिटिंग माझी नव्हती. मी तेव्हा दुसऱ्या कामात होतो आणि काकांना थांबायचं नव्हतं. तालुक्याच्या गावातल्या एका विक्रेत्याने एप्रिलमध्ये ३३० वॉटची तीन पॅनेलं, १२ व्होल्ट १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन ट्यूब्युलर, म्हणजे शिशाच्या, बॅटऱ्या आणि दीड केव्हीएचा इन्व्हर्टर बसवून दिला. दोन पंखे, फ्रीज, टीव्ही, मिक्सर, अर्ध्या एचपीचा पंप, सगळं चालून दाखवलं. "हीटरचा रॉडसुद्धा चालेल," असंही तो म्हणाल्याचं आत्याला आठवतं. त्याचं खोटं नव्हतं. एप्रिलमध्ये चालतंच. एक किलोवॉटच्या पॅनेलांतून एप्रिलच्या उन्हात बॅटरी-इन्व्हर्टरची गळती वजा जाता साडेतीन युनिटं सहज हातात पडतात.

घाटात ऑफ-ग्रिड, म्हणजे लाईनशी न जोडलेलं, घर एप्रिलमध्ये विकलं जातं आणि जुलैमध्ये वापरावं लागतं, एवढीच गोची आहे.

या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त जुलै-ऑगस्टमध्ये. धुकं पडवीत येऊन बसतं. त्या वर्षी सहा जुलैला रात्री नऊच्या सुमारास इन्व्हर्टर पिपाणीसारखा वाजायला लागला, तो पुढे सप्टेंबरपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी वाजतच राहिला. आत्याने त्याच्यावर उशी ठेवायला सुरुवात केली. तिला वाटायचं, आवाज बंद केला की वीज पुरेल.

मला बोलावलं ते दुसऱ्या पावसाळ्यात, २०१९ च्या जुलैमध्ये. तोवर बॅटऱ्या गेल्या होत्या. हायड्रोमीटर घालून पाहिलं: भरलेल्या ट्यूब्युलरमधल्या आम्लाची ग्रॅव्हिटी, म्हणजे घनता, बाराशे चाळीसच्या आसपास पाहिजे, ती साडेअकराशेच्या वर सरकायला तयार नव्हती. शिशाची बॅटरी अर्धीमुर्धी भरून आठवडेच्या आठवडे ठेवली की पट्ट्यांवर सल्फेटचे कडक खडे धरतात, आणि ते चार्जिंगने पुन्हा विरघळत नाहीत. पाच-सहा वर्षं टिकायची वस्तू सव्वा वर्षात संपली. तिने काही वाईट केलं नव्हतं. तिला जुलै-ऑगस्टमध्ये एकदाही पोटभर मिळालं नव्हतं.

क्लॅम्प मीटरची रात्र

विक्रेत्याचा सल्ला होता: अजून दोन बॅटऱ्या घ्या. बहुतेक लोक घेतात. पण दोन बॅटऱ्या म्हणजे मोठा हंडा. नळाला पाणीच नसेल तर मोठा हंडा घेऊन काय करणार? मी काकांना म्हटलं, आधी दोन दिवस मोजू.

प्रत्येक वस्तू वॉटमीटरला लावून काढलेला हिशेब काकांनी सुवाच्य अक्षरात एका वहीत लिहिला, ती वही अजून आहे. दोन जुने पंखे, ७५ वॉटचे, आठ तास: बाराशे वॉट-तास (हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट). १९० लिटरचा फ्रीज: सातशे. पंप चाळीस मिनिटं: चारशे. सहा दिवे: सव्वादोनशे. टीव्ही एकशे पस्तीस, राउटर एकशे नव्वद, मिक्सर ऐंशी. बेरीज तीन युनिटांच्या थोडी आत. पण बॅटरीतून जात होतं साडेतीनच्या आसपास. सहाशे वॉट-तास कुठे गळत होते ते कळेना.

दुसऱ्या रात्री अकरा वाजता घरातलं सगळं बंद केलं. फ्रीजची पिन काढली, राउटरची काढली. काका विजेरी धरून उभे, मी बॅटरीच्या जाड वायरीभोवती डीसी क्लॅम्प मीटर लावला; तो वायर न तोडता तिच्यातला प्रवाह मोजतो. शून्य यायला हवं होतं. आलं १.१ अँपिअर.

"अरे, काहीच चालू नाहीये," काका म्हणाले.

"चालू आहे. तुमचा इन्व्हर्टर चालू आहे."

२४ व्होल्टची बॅटरी, १.१ अँपिअर, म्हणजे सव्वीस वॉट. हा इन्व्हर्टर काही काम न करता, नुसता तयारीत उभा राहण्याचे सव्वीस वॉट घेत होता, चोवीस तास. दिवसाला सहाशेच्या वर. घरातल्या सगळ्या दिव्यांच्या अडीचपट वीज रोज या पहारेकऱ्याच्या पगारात जात होती. शहरातल्या इन्व्हर्टरबद्दल हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तिथे तो पगार बिलातून जातो.

आणि पॅनेलं काय देत होती? जुलैच्या त्या पंधरवड्यात सरासरी १.२ युनिटं. सगळ्यात काळ्या दिवशी ०.३. खर्च साडेतीन, आवक सव्वा. यात बॅटरी वाढवून काहीही होणार नव्हतं.

आत्याचा रॉडही मोजला. वीस लिटर पाणी २२ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला जवळजवळ अर्धं युनिट लागतं. हे भौतिकशास्त्र आहे, रॉड कुठल्याही कंपनीचा घ्या. दोन माणसांच्या आंघोळी म्हणजे एक युनिट, म्हणजे जुलैच्या दिवसाची जवळजवळ अख्खी कमाई बादलीत.

जे केलं, त्यातलं बरंचसं सोलर नव्हतं

पहिलं काम दिव्यांचं. घरातले पाच दिवे इन्व्हर्टरवरून काढून थेट बॅटरीवर, वेगळ्या फ्यूजमधून घेतले. २४ व्होल्टचे एलईडी बाजारात कुठे मिळणार, असं काकांना वाटत होतं. ट्रक २४ व्होल्टवर चालतात, तेव्हा ट्रकचं सामान विकणाऱ्या दुकानातून डझनभर आणले. राउटरला छोटा कन्व्हर्टर लावून तोही तिकडेच घेतला. मग इन्व्हर्टरला एक मोठं बटण दिलं. मिक्सर लावायचा, टीव्ही लावायचा, तेव्हा बटण दाबायचं. झालं की बंद. आत्याला आठवडाभर त्रास झाला. आता ती पुण्याला मुलीकडे गेली की तिकडचीही बटणं बंद करत फिरते, आणि त्यावरून तिथे कुरबूर होते.

पंखे बदलून २८ वॉटचे बीएलडीसी घेतले. घाटात जुलैत पंखा कशाला, असं विचारणाऱ्याने तिथे एक आठवडा कपडे वाळवून दाखवावेत. निम्मे कपडे चुलीवर टांगलेल्या बांबूच्या दांडीवर वाळतात, त्यांना धुराचा वास लागतो. काकांचे सदरे मात्र पंख्याखाली.

फ्रीजचा प्रश्न अवघड वाटत होता, कारण काका इन्सुलिन घेतात. पण वहीत महिन्यांप्रमाणे मांडल्यावर तो बराचसा आपोआप सुटला. घर तापतं ते मार्च ते मे, आणि तेव्हाच ऊन भरपूर. पावसाळ्यात घरात २३-२४ अंश असतात; वापरात असलेली कुपी तेवढ्या तापमानात साधारण चार आठवडे चालते, हे डॉक्टरांकडून पक्कं करून घेतलं. न उघडलेल्या कुप्या पावसाळ्यात खालच्या गावातल्या औषधाच्या दुकानात राहतात, काका महिन्याला एक आणतात. फ्रीज जूनच्या मध्यावर पुसून, दार अर्धवट उघडं ठेवून बंद होतो, तो ऑक्टोबरमध्ये चालू. दूध दोन वेळा तापवायचं, उरलेल्याचं विरजण. आमच्या आजीला यात सांगण्यासारखं काही वाटलं नसतं.

पंप गेला तो उताराच्या कृपेने. घरामागे वर एक झरा आहे, टाकीपेक्षा चौदा मीटर उंच. दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक किलोचा दाब, तेव्हा इथे जवळपास दीड. पाऊण इंची काळी नळी टाकली आणि पाणी आलंच नाही. तीन तास आम्ही सांधे तपासत होतो. शेवटी वाडीतला एक म्हातारा गुराखी म्हणाला, "मधी उंटाची पाठ झालीय न्हवं का, थितं हवा बसलीय." नळी एका खडकावरून जात होती, तिथे हवेचा फुगा अडकला होता. त्या जागी एक टी टाकून छोटी तोटी लावली, ती उघडली, फस्स करून हवा गेली आणि टाकीत धार पडली. झरा एप्रिलमध्ये आटतो. मग विहीर आणि पंप, पण तेव्हा ऊन इतकं असतं की पंप भर दुपारी चालवला तर बॅटरीला कळतही नाही.

आणि बंब. तांब्याचा, आजीचा, माळ्यावर काळा पडून होता. कल्हई करून, तोटी बदलून खाली आला. एक किलो वाळलेल्या लाकडात चार युनिटांच्या वर उष्णता असते. बंबात त्यातली निम्मी वाया गेली असं धरलं तरी कारवीच्या काड्या आणि दोन गोवऱ्या यांच्यावर दोघांच्या आंघोळी होतात. विजेची सगळ्यात वाईट चाकरी म्हणजे पाणी तापवणं. तिला दिवा, मोटर, फोन, रेडिओ ही कामं द्यावीत. तापवायला काडी पुरते.

स्वयंपाक सिलिंडरवर आहे, तो तसाच ठेवला. आत्या वरण-भाताला वाफेचा साराई कुकरही वापरते, ज्यात शंभरेक ग्रॅम कांडी कोळशावर चार-पाच माणसांचं शिजतं. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी उभ्या केलेल्या 'आरती' या संस्थेने उसाच्या पाचटापासून असा कोळसा करण्याचं तंत्र बसवलं आणि त्याला २००२ साली लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. घरगुती बायोगॅससाठी पुन्हा २००६ साली. कडधान्यं एक उकळी आणून भाताच्या तुसाने भरलेल्या लाकडी पेटीत पातेल्यासकट दडपून ठेवायची, दोन तासांनी शिजलेली निघतात. गोबरगॅसचा विचार मात्र पाच मिनिटांत सोडला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागतं. गोठ्यात एक गाय, आणि तीही म्हातारी.

एवढं झाल्यावर जुलैचा खर्च पुन्हा मोजला: साडेतीन युनिटांवरून पाऊण ते एक. पॅनेलं तीच. बॅटऱ्या तेवढ्या नव्या घेतल्या, त्याच मापाच्या.

आमचे एक चुलते हे ऐकून म्हणाले, "म्हणजे हेमाताई सान्यांसारखं राहायचं तर!" पुण्यात बुधवार पेठेत वनस्पतिशास्त्राच्या डॉ. हेमा साने जन्मभर विजेविना राहिल्या, त्यांच्याबद्दल. आत्या म्हणाली, "त्यांचं मन मोठं. मला मिक्सर पाहिजे."

बेगमी

हे सगळं करताना मला उशिरा उमगलेली गोष्ट आत्याला आधीपासून माहीत होती. मी साठा म्हटलं की बॅटरीचा विचार करायचो. बॅटरी एका रात्रीची, फार तर दोन रात्रींची सोय. जुलै हा दोन रात्रींचा प्रश्न नाही, तो शंभर दिवसांचा आहे, आणि शंभर दिवसांची वीज साठवणारी बॅटरी कुणी घरात ठेवत नाही. आत्याच्या डोक्यात साठा म्हणजे बेगमी. मे महिन्यात त्या घरी जा: पडवीच्या एका बाजूला छातीभर उंच सरपण रचलेलं, काड्या वेगळ्या, ओंडके वेगळे, गोवऱ्यांची उतरंड, तुसाची पोती, कांडी कोळशाचा डबा, वाळवणं. तिने मेचं ऊन लाकडात भरून ठेवलेलं असतं. लाकूड ओलं राहिलं तर त्यातली बरीच उष्णता स्वतःचंच पाणी उडवण्यात जाते, म्हणून वीस मेच्या आत सरपण छपराखाली गेलं पाहिजे, यावर ती माझ्या, बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या चार्ज कंट्रोलरच्या सेटिंगपेक्षा कडक आहे.

२०२० च्या तीन जूनला निसर्ग वादळ आलं. खालच्या गावात खांब आडवे झाले आणि लाईट बरेच दिवस आली नाही. आत्याची चाळीस कौलं गेली, पण पॅनेलं जमिनीवरच्या मांडणीवर होती, ती शाबूत राहिली. पुढचे दिवस पडवीत अकरा-बारा मोबाइल चार्जिंगला लावलेले असत. काकांनी वहीत त्याचाही हिशेब ठेवला: एका मोबाइलला साधारण पंधरा वॉट-तास.

गावातल्या एकाने पुढे छतावर सोलर बसवलं आणि लाईट गेल्यावर त्याच्याही घरात अंधार झाला तेव्हा तो तावातावाने माझ्याकडे आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतली बहुतेक घरं अशीच असतात: बॅटरी नाही, इन्व्हर्टर लाईनशी बांधलेला. लाईन मेली की तो मुद्दाम बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसेल. बिल कमी करायला ती योजना उत्तम आहे. खांबाविना राहणं ही वेगळी गोष्ट, आणि ही दोन्ही एकाच 'सोलर' शब्दात कोंबल्याने माझा निम्मा दिवस फोनवर जातो.

माझी चूक

२०२२ च्या मेमध्ये मी सिस्टिम वाढवली. ट्यूब्युलर काढून लिथियम फॉस्फेटची २५.६ व्होल्ट, १०० एएचची बॅटरी घेतली. हिला अर्धपोटी राहिल्याने सल्फेट धरत नाही, पावसाळ्याला हा गुण मोठा. पॅनेलं तीनची सहा केली, कारण जुलैत बॅटरी दुप्पट करण्यापेक्षा पॅनेल दुप्पट करणं केव्हाही शहाणपणाचं.

नवी तीन पॅनेलं जवळजवळ आडवी ठेवली, पाचेक अंशांवर. पाहणारे म्हणतात, दक्षिणेकडे कललेली पाहिजेत ना? वर्षभराचा हिशेब धरला तर हो. पण पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि ढगाळ दिवशी उजेड एका दिशेने येतच नाही, सगळ्या आभाळातून झिरपतो. जो आभाळाकडे सरळ बघेल त्याला जास्त मिळतं. अगदी सपाट ठेवलं तर पाणी साचून कडेला शेवाळ धरतं, म्हणून ते पाच अंश. तरी आत्या ऑगस्टमध्ये नारळाच्या काथ्याने कडा घासतेच.

तर चूक. तीन-तीन पॅनेलं सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडल्याने व्होल्टेज सव्वाशेच्या पुढे गेलं. त्या बाजूला डीसीचा, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचा, एमसीबी (प्रवाह तोडणारा स्विच) हवा. मी तो पुण्यात दुकानाच्या टेबलावर विसरून आलो होतो. जुना, घरातला साधा एसीचा एमसीबी तिथे लावला आणि काकांना म्हटलं, पुढच्या रविवारी येऊन बदलतो. गेलो नाही.

मग वळवाच्या एका दुपारी लांब गडगडायला लागलं. काका सावध माणूस. ऊन अजून लख्ख असतानाच त्यांनी पॅनेलचा एमसीबी खाली पाडला. आतून भुंग्यासारखा आवाज आला आणि थांबेना. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, त्यात ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी दोन पत्र्यांच्या मधे तशीच जळत राहिली, पेटीचं प्लास्टिक तपकिरी होऊन ओघळलं. काकांना एवढं सांगून ठेवलेलं होतं की असं झालं तर पाणी टाकायचं नाही, पॅनेलं झाकायची. एकाहत्तराव्या वर्षी ते ताडपत्री घेऊन उताराने पळाले. दोन पॅनेलं झाकल्यावर आवाज थांबला.

ते मला फोनवर एक शब्दही लावून बोलले नाहीत. "तुझा रविवार कधी आहे?" एवढंच विचारलं.

ओढा

जुलैचा खर्च एका युनिटावर आणि पॅनेलांची आवक बहुतेक दिवशी दोनच्या आसपास. इथे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण वर्षातून एखादा आठवडा असा येतोच की आवक अर्ध्या-पाऊण युनिटावर अडकते. आणि त्याच आठवड्यात घराच्या उजव्या अंगाने ओढा असा गर्जत जात असतो की पडवीत बोलणं ऐकू येत नाही. काकांचं म्हणणं होतं, खालच्या पाण्यावर शंभर वर्षं मुंबई चालते, वरच्या पाण्यावर एक घर चालू नये?

आकडे काढले. घेता येण्यासारखं पाणी सेकंदाला तीन लिटर, पाणी पडण्याची उंची बारा मीटर. ७५ मिलिमीटरच्या ऐंशी मीटर पाइपात घर्षणाने पाऊण मीटर जातो. उरतात तीनशे तीसेक वॉट, आणि पाण्याच्या धारेवर फिरणाऱ्या घरगुती चक्राने त्यातले चाळीस टक्के पकडले तरी १३० वॉट. हा आकडा हसण्यासारखा वाटतो, मिक्सरही चालत नाही त्यावर. पण हे १३० वॉट रात्री झोपत नाहीत. दिवसाला तीन युनिटं, नेमक्या त्या दिवसांत जेव्हा सूर्य नाही.

चक्र पुण्याच्या एका वर्कशॉपमधून करून घेतलं: वीस सेंटिमीटर व्यासाचं, चमच्यासारख्या वाट्यांचं, दोन बाजूंनी अकरा-साडेअकरा मिलिमीटरच्या तोट्यांची धार. जनरेटर म्हणून भंगारातल्या डायरेक्ट ड्राइव्ह वॉशिंग मशिनची मोटर. २०२३ च्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात लावलं, मिनिटाला सातशेच्या आसपास फेरे घ्यायला लागलं, मीटरवर पाच अँपिअर दिसले. काकांनी वहीत त्या आकड्याभोवती चौकट केली.

तिसऱ्या रात्री दोन अँपिअर. सकाळी तोटी उघडली तर आत खेकड्याची नांगी. पावसाळ्याच्या सुरुवातीला खेकडे सगळीकडे हिंडतात आणि आमच्या पाइपाचं तोंड त्यांना बीळ वाटलं असावं. मग पानं, मग वाळू. माझी उभी जाळी दर चार तासांनी पानांनी लिंपून जायची. शेवटी बुंदीच्या झाऱ्यासारखा भोकं पाडलेला स्टीलचा पत्रा ओढ्याच्या छोट्या बांधावर तिरका बसवला. पाणी वरून घसरताना भोकांतून खाली पडतं, पान आणि खेकडा पुढे निघून जातात. आता दिवसातून एकदा हात फिरवला की पुरतं.

चक्राला एक पथ्य आहे. बॅटरी भरली म्हणून पॅनेलासारखं त्याला नुसतं तोडता येत नाही. भार काढला की ते मोकाट सुटतं आणि बेअरिंग खातं. उरलेली वीज कुठेतरी जाळावीच लागते. ती बंबाशेजारच्या पिंपात एका हीटरच्या कांबीत सोडली आहे. म्हणजे ज्या रॉडवरून हे सगळं सुरू झालं, तो रॉड मागच्या दाराने परत आला. पिंपातलं पाणी संध्याकाळपर्यंत कोमट होतं, बंबाला निम्मं सरपण लागतं.

पाहुणे येतात ते चक्राचे फोटो काढतात. मी त्यांना इन्व्हर्टरचं बटण दाखवतो, त्यात कुणाला रस नसतो. खर्चाने मोजलं तर चक्र या घरातली सगळ्यात महाग हौस आहे आणि बटण सगळ्यात स्वस्त. रुपयामागे हाती आलेल्या युनिटांचा क्रम उलटा आहे.

सध्या

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीपर्यंत खांब आले. आता अंतर चारशे मीटर. वायरमन येऊन सांगून गेला, अर्ज करून टाका, या खेपेला होईल. काकांचे गुडघे दुखतात. ओढ्याची जाळी साफ करायला उतरताना त्यांनी मागच्या ऑगस्टमध्ये एकदा घसरगुंडी केली आणि आत्याला सांगितलं नाही, मला सांगितलं. सरपण आता वाडीतला एक पोरगा रचून देतो.

अर्ज महिनाभर कोनाड्यात काडेपेटीखाली होता. परवा काकांचा फोन आला. सगळे रकाने भरून झालेत, एकावर अडलंय.

"मागणी केलेला भार, किलोवॉटमध्ये. काय लिहू?"

मी मनात बेरीज करत होतो. दिवे, पंखे, मिक्सर, फ्रीज... अर्धा किलोवॉटसुद्धा पुष्कळ झाला. तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला.

"गीझर धरून सांग म्हणावं त्याला!"